पाणी कुठं मुरतंय? बुद्धिबळातली चोरी आणि ती पकडण्याचं गणित

बुद्धिबळातल्या चोऱ्यांचा इतिहास कुणी लिहायला घेतला, तर त्यातली बरीच प्रकरणं संडासात घडतील. ही थट्टा नाही. एप्रिल २०१५ मध्ये दुबई ओपनमध्ये जॉर्जियाचा ग्रँडमास्टर गायोझ निगालिद्झे आर्मेनियाच्या टिग्रान पेट्रोसियनशी खेळत होता. (हा पेट्रोसियन म्हणजे साठच्या दशकातला जगज्जेता नव्हे, त्याचा नावबंधू.) निगालिद्झे सारखा उठून संडासात जायचा. शेजारचे रिकामे असले तरी दरवेळी त्याच एका संडासात. पेट्रोसियनला शंका आली, त्याने पंचांना सांगितलं. पंचांनी आत पाहिलं, तर भांड्यामागे टॉयलेट पेपरमध्ये गुंडाळून ठेवलेला फोन. निगालिद्झे म्हणाला, फोन माझा नाहीच. पण फोनवर त्याच्याच नावाचं सोशल मीडिया खातं उघडं होतं आणि बुद्धिबळाच्या ॲपमध्ये नेमकी त्याच्या चालू डावाची स्थिती मांडलेली होती. तीन वर्षांची बंदी आली, ग्रँडमास्टर हा किताबही गेला.

२०१९ च्या जुलैमध्ये फ्रान्समधल्या स्ट्रासबर्गला इगोर्स राउसिस पकडला गेला, तोही संडासात, तोही फोनसकट. वय ५८. ज्या वयात बहुतेकांचं रेटिंग, म्हणजे खेळाची ताकद सांगणारा आकडा, उतरणीला लागलेलं असतं, त्या वयात हा माणूस २७०० च्या, म्हणजे जगातल्या अव्वल खेळाडूंच्या उंबरठ्यावर पोचला होता. २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये स्पेनच्या मेलिला शहरात किरिल शेव्हचेन्को. पुन्हा संडास, पुन्हा फोन.

संडासच का, याचं उत्तर सोपं आहे. स्पर्धेच्या हॉलमध्ये खेळाडूवर पंचांची, प्रतिस्पर्ध्याची, प्रेक्षकांची आणि कॅमेऱ्याची नजर असते. दार लावून घेता येईल अशी ती एकच जागा उरते. दहावीच्या परीक्षेत कॉपी कुठं लपवायची, हा प्रश्न ज्यांनी सोडवलेला आहे त्यांना हे वेगळं सांगायला नको.

पण एक गोष्ट लक्षात घ्या. ही सगळी पकडली गेलेली माणसं आहेत, म्हणजे ढिसाळ चोर. फोन हाती लागला, विषय संपला. खरा गुंता तिथं आहे जिथं फोन सापडत नाही, तार सापडत नाही, कुणी साथीदार दिसत नाही, आणि तरी चाली बघून जाणकारांना वाटत राहतं की कुठंतरी पाणी मुरतंय. अशा वेळी काय करायचं? नुसत्या चाली बघून चोर ओळखता येतो का?

खिशातला राक्षस

आधी हे समजून घेऊ की चोरायचं तरी काय असतं.

१९९७ मध्ये आयबीएमच्या डीप ब्लू या संगणकाने तेव्हाचा जगज्जेता गॅरी कास्पारोव्ह याला साडेतीन विरुद्ध अडीच गुणांनी हरवलं, तेव्हा ते यंत्र माणसाहून उंच कपाटांत मावायचं. असलं धूड कोण खिशात घालून नेणार? म्हणून काही वर्षं कुणाला फारशी काळजी वाटली नाही. मग २००९ मध्ये ब्युनॉस आयर्सच्या एका स्पर्धेत 'पॉकेट फ्रिट्झ ४' नावाचा प्रोग्रॅम एका साध्या मोबाइल फोनवर खेळवला गेला. त्याने दहापैकी साडेनऊ गुण मिळवले आणि त्याची कामगिरी निघाली २८९८ रेटिंगची. मॅग्नस कार्लसनचं आजवरचं सर्वोच्च रेटिंग, म्हणजे मानवजातीचा विक्रम, २८८२ आहे. फोनने माणसाला मागे टाकलं त्याला आता दीड दशक उलटून गेलं.

आज स्टॉकफिश नावाचं इंजिन, म्हणजे बुद्धिबळ खेळणारा प्रोग्रॅम, कुणालाही फुकट मिळतं आणि संगणकांच्या वेगळ्या यादीत त्याचं रेटिंग ३५०० च्या वर धरतात. माणसांची यादी आणि यंत्रांची यादी थेट एकमेकींशी ताडू नये हे खरं, पण अंदाज येण्यापुरतं सांगतो. ४०० गुणांचा फरक असेल तर वरचढ खेळाडूने १०० डावांत साधारण ९१ गुण मिळवावेत, असं रेटिंगचं सूत्र सांगतं. इथं फरक ६०० च्याही वर आहे. म्हणजे जगज्जेत्याला स्टॉकफिशशी खेळवणं हे आपल्या गल्लीतल्या हुशार पोराला जगज्जेत्याशी खेळवण्यासारखं झालं.

इंजिन प्रत्येक स्थितीला एक आकडा देतं. अधिक एक म्हणजे पांढरा साधारण एका प्याद्याने पुढे, उणे तीन म्हणजे काळा एका घोड्याइतका वरचढ. त्या प्याद्याचेही शंभर भाग करून ते मोजतं. कोणती चाल पहिल्या क्रमांकाची, कोणती दुसऱ्या, कोणत्या चालीने किती शतांश प्यादं गमावलं, सगळं काही सेकंदांत समोर. चोराला हवा असतो तो हा आकडा. आणि गंमत अशी की चोर पकडणाऱ्याच्या हातातही नेमका हाच आकडा असतो.

टेबलामागे उभा राहिलेला माणूस

काही चोऱ्या इतक्या कल्पक की त्यांचं कौतुक करायचा मोह होतो. २०१० मध्ये रशियातल्या खांटी-मान्सिस्कला बुद्धिबळ ऑलिंपियाड, म्हणजे देशोदेशींच्या संघांची स्पर्धा झाली. फ्रान्सच्या संघातला तरुण ग्रँडमास्टर सेबास्टियन फेलर खेळत होता. त्याचा एक साथीदार फ्रान्समध्ये घरी बसून थेट प्रक्षेपणातला डाव संगणकाला घालायचा आणि उत्तर एसएमएसने पाठवायचा. एसएमएस वाचणाऱ्याला तो एखाद्याचा फोन नंबर वाटावा असे आकडे त्यात असायचे. ते बघून संघाचा प्रशिक्षक हॉलमध्ये जायचा आणि ठराविक टेबलामागे जाऊन उभा राहायचा. कोणत्या टेबलामागे उभा राहिला म्हणजे पटावरचं कोणतं घर, हे आधी ठरलेलं. फेलरच्या अंगावर काहीच नाही. ना फोन, ना तार. झडती घेऊन काय मिळणार?

हे उघडकीला आलं ते पंचांमुळे नव्हे की गणितामुळेही नव्हे. फ्रेंच महासंघाच्या एका पदाधिकारी बाईंच्या नजरेस ते एसएमएस पडले म्हणून. तिघांवरही बंदी आली.

आपणही काही मागे नव्हतो. २००६ च्या डिसेंबरमध्ये दिल्लीतल्या एका स्पर्धेत एका भारतीय खेळाडूच्या टोपीत शिवलेलं ब्लूटूथ उपकरण सापडलं आणि अखिल भारतीय बुद्धिबळ महासंघाने त्याच्यावर १० वर्षांची बंदी घातली. तेव्हा ब्लूटूथ ही अनेकांच्या दृष्टीने नवलाईची चीज होती.

आता मोठ्या स्पर्धांत दारावर मेटल डिटेक्टर असतो. बंद करून ठेवलेलं इलेक्ट्रॉनिक उपकरणही हुडकणारी यंत्रं फिरवतात. थेट प्रक्षेपण पंधरा-पंधरा मिनिटं उशिरा दाखवतात, म्हणजे बाहेरच्या साथीदाराकडे डाव पोचेपर्यंत तो पुढे गेलेला असतो. नियमानुसार परवानगीशिवाय अंगावर फोन असणं हाच गुन्हा. त्यावर काय होतं ते बघायलाही कुणी थांबत नाही, डाव हरला. २००३ मध्ये फिडेचा, म्हणजे जागतिक बुद्धिबळ महासंघाचा, तेव्हाचा विश्वविजेता रुस्लान पोनोमारियोव्ह युरोपियन सांघिक स्पर्धेत असाच हरला. त्याचा फोन नुसता वाजला होता. त्या दिवशी त्याचा विसावा वाढदिवस होता, कुणीतरी शुभेच्छा द्यायलाच केला असेल.

चाली मोजणारा प्राध्यापक

झडतीत काही सापडलं नाही तर उरतात त्या चाली. चाली लपवता येत नाहीत; त्या डावाच्या नोंदीत कायमच्या छापल्या जातात.

या चालींवर बोट ठेवून जाहीर आरोप करण्याचा गाजलेला प्रयोग झाला २००६ मध्ये, रशियाच्या कल्मिकिया प्रांतातल्या एलिस्ता शहरात. जगज्जेतेपदाची लढत, व्लादिमिर क्रामनिक विरुद्ध वेसेलिन टोपालोव्ह. टोपालोव्हचा व्यवस्थापक सिल्व्हिओ डॅनाइलोव्ह याने तक्रार केली की क्रामनिक डावादरम्यान पन्नासवेळा संडासात जातो. (बघा, पुन्हा संडास.) अपील समितीने दोघांचे स्वतंत्र संडास बंद केले, क्रामनिकने निषेध म्हणून पाचवा डाव खेळायला नकार दिला आणि तो डाव त्याच्या नावावर हरला म्हणून लागला. मग डॅनाइलोव्हने आकडेवारी प्रसिद्ध केली: क्रामनिकच्या चाली फ्रिट्झ ९ या प्रोग्रॅमच्या सूचनांशी सरासरी ७८ टक्के जुळतात. वाचणाऱ्याला वाटावं, झालं की सिद्ध. चोरीचा पुरावा मात्र काही मिळाला नाही, आणि शेवटी जादा डावांमध्ये क्रामनिकच जिंकला.

पण ७८ टक्के हा आकडा मोठा की लहान? हे ठरवायचं कसं? हा प्रश्न अमेरिकेतल्या बफेलो विद्यापीठातले प्राध्यापक केनेथ रीगन यांना चिकटला. रीगन संगणकशास्त्रज्ञ आणि स्वतः इंटरनॅशनल मास्टर (ग्रँडमास्टरच्या खालोखालचा किताब). त्यांनी पुढे जे गणित उभं केलं तेच आज या क्षेत्रात प्रमाण मानलं जातं.

त्यामागचा विचार मराठीत सांगायचा तर असा. चाल इंजिनाशी जुळली यात नवल नाही, चांगल्या चाली जुळणारच. प्रतिस्पर्ध्याने वजीर मारला आणि तुम्ही उलटून त्याचा वजीर मारला, तर ती चाल स्टॉकफिशचीही पहिली पसंती असते आणि माझ्या भाच्याचीही. म्हणून आधी बिनकामाच्या चाली बाजूला काढायच्या. सुरुवातीच्या चाली पाठ केलेल्या असतात, त्या मोजायच्या नाहीत. डाव एकतर्फी झाल्यावरच्या चालीही सोडायच्या, कारण तिथं माणूस सर्वोत्तम चाल शोधत नाही, सोपी शोधतो. उरलेल्या प्रत्येक स्थितीत विचारायचं, या रेटिंगचा प्रामाणिक खेळाडू इथं इंजिनाची चाल खेळण्याची शक्यता किती? कुठं ती नव्वद टक्के असेल, कुठं वीस. या शक्यतांची बेरीज म्हणजे अपेक्षा. मग प्रत्यक्षात किती जुळल्या ते बघायचं.

एक उदाहरण घेऊ, आकडे समजण्यापुरते मी घेतलेले आहेत. समजा, तुमच्या रेटिंगच्या खेळाडूच्या १०० चालींपैकी ५५ जुळाव्यात अशी अपेक्षा आहे. प्रत्यक्षात नेहमी ५५ येणार नाहीत. कधी ५१, कधी ५८. हे इकडेतिकडे किती व्हावं याचंही माप असतं, त्याला प्रमाण विचलन म्हणतात, आणि इथं ते साधारण ५ येतं. तुमच्या ६५ जुळल्या, म्हणजे तुम्ही अपेक्षेपेक्षा दोन विचलनं वर आहात. असं निव्वळ योगायोगाने होण्याची शक्यता साधारण ४४ त एक. वर्गात एवढी मुलं असतात. काहीच सिद्ध होत नाही.

आता तेच ६५ टक्के, पण ४०० चालींमध्ये. अपेक्षा २२०, प्रत्यक्षात २६०. इथं प्रमाण विचलन साधारण १० असतं, म्हणजे तुम्ही चार विचलनं वर. आता योगायोगाची शक्यता तीस हजारांत एक एवढी खाली येते. टक्केवारी तीच, पण एका ठिकाणी ती नशीब आहे आणि दुसऱ्या ठिकाणी नोटीस. म्हणून एखाद्या वेबसाइटने 'तुमची अचूकता ९७ टक्के' असं सांगितलं की लगेच कुणी पेढे वाटू नयेत आणि कुणी प्रतिस्पर्ध्याची तक्रारही करू नये. वीस चालींत संपलेल्या, सरळसोट डावात ९७ कुणालाही पडतात.

चोर सोडून संन्याशाला

हे वाचून वाटेल, मग झालंच की काम. सगळ्यांच्या चाली या यंत्रातून काढा, ज्याचा आकडा वर त्याला बाहेर काढा. इथंच फसायला होतं, आणि बारकाईने बघायची जागाही हीच.

समजा, १०,००० खेळाडू आहेत आणि हजारात एक चोर आहे, म्हणजे एकूण दहा. आपल्याकडे एक चाचणी आहे जी दहापैकी नऊ चोर बरोबर ओळखते आणि प्रामाणिक माणसाला चुकून चोर ठरवते ते शंभरात फक्त एकदा. चांगली चाचणी आहे, नाही? ती सगळ्यांवर लावा. नऊ चोर सापडतील. आणि उरलेल्या ९,९९० प्रामाणिकांपैकी शंभरात एक, म्हणजे साधारण शंभर जणही सापडतील. हाती लागलेल्या १०९ लोकांमध्ये खरे चोर नऊ. चोर सोडून संन्याशाला फाशी, ही म्हण आपल्याकडे उगाच नाही.

म्हणूनच नुसत्या आकडेवारीवर कुणाला दोषी ठरवायचं तर ती रेषा खूप उंच ठेवावी लागते. पाच विचलनं म्हणजे पस्तीस लाखांत एक. आणि जिथं दुसरा काही पुरावा आहे, म्हणजे फोन सापडला, कुणी इशारे करताना दिसलं, तिथं आकडा कमी असला तरी चालतो, कारण तिथं आपण दहा हजारांच्या गर्दीत हात घालत नसतो, एकाच माणसाबद्दल विचारत असतो.

रेषा उंच ठेवली की मात्र हुशार चोर तिच्याखालून वाकून जातो. कसा ते पुन्हा आकड्यांतच बघा. एक तगडा ग्रँडमास्टर नऊ फेऱ्यांची स्पर्धा खेळतो. मोजण्याजोग्या चाली साधारण २५०. तो प्रत्येक डावात फक्त एकदा मदत घेतो, सगळ्यात अडचणीच्या क्षणी. एकूण नऊ चाली. यातल्या निम्म्याहून जास्त त्याने स्वतःच्या बुद्धीने अशाही बरोबर खेळल्या असत्या, म्हणजे जुळणाऱ्या चालींत फार तर चारेकांची भर. २५० चालींना प्रमाण विचलन आठच्या आसपास असतं. म्हणजे चोरीमुळे पडलेला फरक अर्धं विचलन. जेवण नीट पचलं तरी माणूस एवढा बरा खेळतो! ही चोरी आकड्यांत दिसतच नाही, आणि तरी नऊ डावांत नऊ निर्णायक क्षण म्हणजे स्पर्धा खिशात.

मदत म्हणजे चालही सांगायला लागत नाही. कोड्यांच्या पुस्तकातलं कोडं मुलं पटकन सोडवतात, कारण तिथं काहीतरी आहे हे त्यांना माहीत असतं. तीच स्थिती डावात आली की शेजारून जातात. ग्रँडमास्टरला कुणी फक्त खोकून सांगितलं की 'इथं थांब, इथं काहीतरी आहे', तर पुढचं तो स्वतः शोधेल. खोकल्याचा पुरावा कसा गोळा करणार?

राउसिसची वेगळी रीत. तो बहुतेक आपल्यापेक्षा बऱ्याच कमी रेटिंगच्या लोकांशी खेळायचा. कितीही कमकुवत माणसाला हरवलं तरी तेव्हाच्या नियमाने त्याला ०.८ गुण मिळायचेच. थेंबे थेंबे तळे. ३००० रेटिंगची एखादी झळाळती कामगिरी कुठंच नाही, फक्त वर्षानुवर्षं न हरणं.

सेंट लुइसची ती पाच-सहा आठवड्यांची गोष्ट

आता २०२२ चं प्रकरण समजायला सोपं जाईल. ४ सप्टेंबरला अमेरिकेतल्या सेंट लुइसच्या सिंकफील्ड कपमध्ये १९ वर्षांच्या अमेरिकन ग्रँडमास्टर हान्स नीमनने काळ्या मोहऱ्यांनी तेव्हाच्या जगज्जेत्या कार्लसनला हरवलं. दुसऱ्या दिवशी कार्लसनने स्पर्धाच सोडली आणि फुटबॉल प्रशिक्षक जोसे मोरिन्योची एक चित्रफीत टाकली, ज्यात तो म्हणतो की मी बोललो तर अडचणीत येईन. एवढंच. आरोप नाही, पण जगाला कळायचं ते कळलं. त्याच स्पर्धेत लगेच प्रक्षेपण पंधरा मिनिटं उशिरा सुरू झालं. नीमनने मुलाखतीत कबूल केलं की बाराव्या आणि सोळाव्या वर्षी आपण ऑनलाइन चोरी केली होती, पण समोरासमोरच्या पटावर कधीच नाही. १९ सप्टेंबरला एका ऑनलाइन स्पर्धेत दोघे पुन्हा भिडले, कार्लसनने एक चाल केली आणि डाव सोडून दिला. आठवड्याने निवेदन काढून तो उघडपणे म्हणाला की नीमनने कबूल केलंय त्याहून जास्त आणि अलीकडेही चोरी केली असावी असं मला वाटतं.

मग इंटरनेटवर गणितज्ञांचं पीक आलं. एका चित्रफितीत दाखवलं की नीमनचे काही डाव इंजिनाशी १०० टक्के जुळतात. लाखोंनी ती पाहिली. मेख अशी होती की ज्या साधनाने हे मोजलं त्यात एका इंजिनाशी नव्हे, वेगवेगळ्या लोकांनी चालवलेल्या अनेक इंजिनांशी तुलना होते. कोणत्याही एकाने ती चाल सुचवली असली की जुळलं. पंचवीस ज्योतिषांना विचारून ज्याचं खरं ठरलं त्याचंच धरायचं, आणि म्हणायचं की ज्योतिष शंभर टक्के खरं. हे साधन चोरी पकडायला वापरू नका, असा इशारा ते बनवणाऱ्यांनीच दिलेला होता. (चोरी नेमकी कुठल्या उपकरणाने झाली असेल याबद्दल जगभर जे विनोद चालले, ते इथं लिहिण्यासारखे नाहीत.)

रीगन यांनी आपल्या गणिताने नीमनचे पटावरचे डाव तपासले आणि त्यांना चोरीचं चिन्ह दिसलं नाही. ऑनलाइन बुद्धिबळाची वेबसाइट चेस डॉट कॉमने ४ ऑक्टोबरला ७२ पानांचा अहवाल काढला. त्यात म्हटलं की नीमनने शंभराहून जास्त ऑनलाइन डावांत चोरी केली असण्याची दाट शक्यता आहे, पण पटावरच्या डावांबद्दल ठोस पुरावा नाही. नीमनने १० कोटी डॉलरचा दावा ठोकला, २०२३ च्या जूनमध्ये न्यायालयाने तो फेटाळला, ऑगस्टमध्ये तडजोड झाली. डिसेंबर २०२३ मध्ये फिडेच्या आयोगाने निकाल दिला: कार्लसनने वैध कारणाशिवाय स्पर्धा सोडली म्हणून १०,००० युरो दंड, बाकी आरोपांतून तो सुटला.

माझं मत विचाराल तर, नीमनने सेंट लुइसला चोरी केली असं मानायला मला काही आधार दिसत नाही. आणि ऑनलाइन चोरी केलेल्या पोराबद्दल कार्लसनच्या मनात शंका आली, यात मला काही चूकही दिसत नाही. शंका येणं वेगळं आणि ती जगाच्या अंगणात मोरिन्योच्या तोंडून सोडून देणं वेगळं.

ऑनलाइनची गोष्ट मात्र निराळीच आहे. तिथं झडती नाही, पंच नाही, खेळाडू आपल्या घरी. पण तिथं वेबसाइटकडे माहितीचा ढीग असतो. प्रत्येक चालीला किती सेकंद लागले, मध्येच दुसरी खिडकी उघडली का. साधी परतफेडीची चालही सात सेकंद आणि वजिराचं अफलातून बलिदानही सातच सेकंद, असं दिसलं की ओळखावं. आपल्याकडे जून २०२१ मध्ये कोविड मदतीसाठीच्या प्रदर्शनीय डावात झिरोधा या शेअर ब्रोकिंग कंपनीचे निखिल कामत यांनी चक्क विश्वनाथन आनंदला हरवलं, आणि दुसऱ्याच दिवशी कबूल केलं की जाणकारांची आणि संगणकाची मदत घेतली होती. आनंदने एवढंच लिहिलं की मी पटावरची स्थिती खेळलो, इतरांकडूनही तीच अपेक्षा होती. आणि दुबईतल्या संडासाचं गुपित फोडणारा तो टिग्रान पेट्रोसियन आठवतोय? २०२० मध्ये एका ऑनलाइन लीगच्या अंतिम फेरीनंतर चेस डॉट कॉमने त्याच्यावरच नियमभंगासाठी कायमची बंदी घातली. त्याने आरोप नाकारला.

झेप आणि संशय

गणिताला आणखी एक जागा अवघड जाते, आणि ती आपल्या जवळची आहे: मुलं. सगळं गणित 'या रेटिंगच्या खेळाडूकडून अपेक्षा किती' यावर उभं आहे. पण वाढत्या वयाच्या मुलाचं रेटिंग त्याच्या खेळाच्या मागून धापा टाकत येतं. कोविडच्या काळात पटावरच्या स्पर्धा बंद होत्या, मुलं घरात बसून रोज दहा-दहा तास खेळत होती. स्पर्धा सुरू झाल्या तेव्हा कागदावरचा १६०० वाला प्रत्यक्षात बराच पुढे गेलेला होता. भारतीय पोरांचं रेटिंग कमी आणि खेळ जास्त असतो, अशी तक्रार युरोपातले मास्टर उगाच करत नाहीत. अशा मुलाला जुन्या रेटिंगने मोजलं तर तो हमखास 'संशयित' निघेल. रीगन यांना त्यासाठी आपल्या गणितात वेगळी दुरुस्ती करावी लागली.

आणि झेपा काय, खऱ्याही असतात. जुलै २०२५ मध्ये नागपूरची १९ वर्षांची दिव्या देशमुख जॉर्जियातल्या बातुमीला महिला विश्वचषक खेळायला गेली तेव्हा तिच्याकडे ग्रँडमास्टरचा एकही नॉर्म (त्या किताबासाठी स्पर्धांत मिळवायची ठराविक दर्जाची कामगिरी) नव्हता. परतली ती विश्वचषक घेऊन आणि थेट ग्रँडमास्टर होऊन. आधी कुणी पैज लावायला सांगितली असती तर किती जणांनी लावली असती?

संशयाचं गणित उलटं फिरलं की काय होतं, ते एलिस्ताच्याच माणसाने दाखवून दिलं. २००६ मध्ये ज्याच्यावर आकडेवारीच्या आधाराने आरोप झाले तो क्रामनिक २०२३ पासून स्वतःच आकडेवारी घेऊन इतरांवर बोट दाखवू लागला. अमेरिकन ग्रँडमास्टर हिकारू नाकामुराने ऑनलाइन झटपट डावांत ४६ पैकी साडेपंचेचाळीस गुण मिळवले, हे कसं शक्य आहे, असा त्याचा सवाल. एक नाणं दहावेळा उडवून दहाही छापे पडणं हजारात एकदा होतं. पण जो माणूस ते नाणं वर्षानुवर्षं हजारो वेळा उडवतोय, त्याच्याकडे अशी रांग कधी ना कधी लागणारच, आणि आपण फक्त तेवढीच रांग कापून दाखवली तर ती चमत्कार वाटणारच. नाकामुरा असे हजारो डाव खेळलेला आहे, तेही बहुतांशी आपल्यापेक्षा खालच्या खेळाडूंशी.

क्रामनिकने ज्यांच्यावर सतत संशय घेतला त्यांत अमेरिकन ग्रँडमास्टर डॅनियल नारोडित्स्कीही होता. त्याने आरोप नाकारले होते. ऑक्टोबर २०२५ मध्ये, वयाच्या २९ व्या वर्षी, तो गेला. मृत्यूचा आणि आरोपांचा सरळ धागा जोडणं म्हणजे पुन्हा पुराव्याविना निकाल देणंच होईल, ते मी करणार नाही. पण या आरोपांचं आपल्यावर काय ओझं आहे, हे तो शेवटच्या काही दिवसांत जाहीरपणे बोलला होता. फिडेने नंतर क्रामनिकच्या वागण्याबद्दल आपल्याच आचारसंहिता आयोगाकडे तक्रार दाखल केली. आधार नसताना चोरीचा आरोप करणं हाही फिडेच्या नियमांत गुन्हा आहे, हे बऱ्याच जणांना तेव्हाच कळलं.

ऑक्टोबर २०२३ मध्ये कतार मास्टर्समध्ये कार्लसन कझाकस्तानच्या अलिशेर सुलेमेनोव्हकडून हरला. रेटिंगमध्ये तीनशेहून जास्त गुणांचं अंतर. डावानंतर कार्लसनने लिहिलं की मी त्याच्यावर आरोप करत नाही, तो उत्तम खेळला आणि जिंकायला पात्र होता. मग पुढे लिहिलं, डावाच्या सुरुवातीलाच त्याच्या मनगटावर घड्याळ दिसलं आणि माझं लक्षच उडालं.

ते साधं, काट्यांचं घड्याळ होतं.